डिजिटल व शैक्षणिक साधने आणि मेटाडेटाची उपयुक्तता : वसई-सोपारा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

१. प्रस्तावना

गेल्या पंचवीस वर्षांत महाविद्यालयीन ग्रंथालयाची कल्पना मुळापासून बदलली आहे. पूर्वी ग्रंथालय म्हटले की दाखल नोंदवही, तालिका-पत्रांचे खण आणि पुस्तकांची कपाटे डोळ्यांसमोर येत. आज त्यांच्या जोडीला ई-ग्रंथ, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती, प्रश्नपत्रिकांचे संच, अध्यापकांची ई-व्याख्याने आणि संशोधन-प्रबंध असा विविध प्रकारचा साठा उभा राहिला आहे. पुस्तके स्कॅन करणे आणि फाइली संकेतस्थळावर चढवणे ही कामे आता कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील झाली आहेत. परंतु चढवलेली फाइल गरजू विद्यार्थ्याला सापडते का, सापडल्यास ती कशाची आहे हे त्याला कळते का, आणि कळल्यास ती वापरण्याचा अधिकार त्याला आहे का, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या नोंदीत असतात किंवा असावयास हवीत, त्या नोंदीस मेटाडेटा असे म्हणतात.

मेटाडेटा ही संगणक विभागाची अथवा ग्रंथपालाची बाब असून अध्यापकाचा तिच्याशी संबंध नाही, असा समज महाविद्यालयांमध्ये रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. नोंदीचा साचा तंत्रज्ञ देऊ शकतो. त्या साच्यात काय भरावयाचे हे मात्र विषयाच्या आणि परिसराच्या जाणकारालाच ठरवता येते. म्हणून मेटाडेटा तयार करणे हे विद्वत्तेचे काम आहे आणि ते अध्यापकाच्या सहभागावाचून पूर्ण होऊ शकत नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ पालघर जिल्ह्यातील वसई-सोपारा परिसर निवडला आहे. अनेक राजवटी, अनेक भाषा आणि अनेक नावे यांचे थर एकावर एक साचलेला हा प्रदेश नोंदीच्या शास्त्राची कसोटी पाहणारा आहे.

२. संकल्पना आणि परंपरा

मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती. शब्द नवा असला तरी कल्पना नवी नाही. तालिका-पत्रावरील ग्रंथनाम, ग्रंथकाराचे नाव, आवृत्ती, प्रकाशन वर्ष आणि वर्गांक हा मेटाडेटाच होय. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचे आहे. दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या मूलभूत पैलूंच्या आधारे विषयाचे विश्लेषण करण्याची तिची पद्धत आजच्या पैलूनिहाय शोधाची पूर्वसूरी मानता येईल. तेव्हा या विषयाकडे परदेशातून आलेले तंत्र म्हणून पाहण्याचे भारतीय अध्यापकास कारण नाही.

डिजिटल साधनांसाठी सर्वाधिक प्रचारात असलेले मानक म्हणजे डब्लिन कोअर. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन येथे भरलेल्या कार्यशाळेवरून त्यास हे नाव मिळाले. त्यात पंधरा घटक आहेत : शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहभागी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. कोणताही घटक सक्तीचा नाही आणि कोणताही घटक पुन्हा वापरता येतो. साधेपणा हे या मानकाचे बळ आहे. तथापि मर्यादाही त्यातूनच येते. बखरीचा मूळ लेखक, तिचा आधुनिक संपादक आणि प्रस्तावनाकार यांच्या भूमिका भिन्न असल्या तरी साध्या डब्लिन कोअरमध्ये संपादक आणि प्रस्तावनाकार दोघेही ‘सहभागी’ या एकाच घटकात जातात. एका संग्रहातील नोंदी दुसऱ्या संग्रहाने आपोआप गोळा करण्याची जी व्यवस्था २००१ पासून रूढ झाली, तीत किमान पातळी म्हणून हेच साधे रूप स्वीकारले गेले. परिणामी मूळ ठिकाणी केलेले सूक्ष्म भेद वाटेत गळून पडण्याचा धोका राहतो.

३. एक स्थळ, अनेक नावे

वसईचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठीत वसई, पोर्तुगीज कागदांत बसाईं आणि इंग्रजीत बसीन अशी या एकाच स्थळाची नावे आढळतात. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांच्या ताब्यात आली आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह इंग्रजी इतिहासग्रंथांत ‘बसीनचा तह’ म्हणून नोंदला गेला. वसईविषयी १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या जे. गर्सन द कुन्हा यांच्या ग्रंथातही चौलच्या जोडीला बसीन हेच नाव आहे. यामुळे केवळ ‘वसई’ हा शब्द घेऊन शोध करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती इंग्रजी आणि पोर्तुगीज साधनांचा मोठा भाग लागणार नाही. उलट ‘बसीन’ हा शब्द दिल्यास ब्रह्मदेशातील त्याच नावाचे, आज पथेन म्हणून ओळखले जाणारे बंदर आणि अरबी समुद्रातील त्याच नावाचे नैसर्गिक वायूचे क्षेत्र असे दोन्ही विषय त्याच्यासमोर येतील. संगणकाच्या दृष्टीने तो अक्षरांचा एकच समूह आहे. त्यातील भेद नोंद करणाऱ्याने ‘व्याप्ती’ या घटकात स्थळ निश्चित केल्यावरच प्रकट होतो.

सोपाऱ्याची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. संस्कृत साहित्यातील शूर्पारक, पाली परंपरेतील सुप्पारक आणि आजचे नालासोपारा ही एकाच प्राचीन बंदराची नामपरंपरा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षी उजेडात आला. नवव्या शासनाचा तुकडा पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे मिळाला. शिलाशासनाचा अवशेष मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, स्तूपातील अवशेष-करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आणि स्तूपाची जागा नालासोपाऱ्यात, अशी या एका शोधाची आज तीन ठिकाणी विभागणी झाली आहे. त्यातही पहिली संस्था जुन्या ग्रंथांत ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ या नावाने येते. या सर्वांच्या नोंदींत ‘संबंध’ हा घटक भरला गेला तरच सोपाऱ्यावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला एका वस्तूवरून दुसरीकडे जाता येईल. एरवी एकाच उत्खननातील वस्तू परस्परांशी असंबद्ध होऊन राहतात.

प्रशासकीय सीमांचे बदल हा यातील आणखी एक पैलू आहे. वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता; त्या दिवशी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याआधी २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे १८८२ मधील खंड अर्थातच ‘ठाणा’ या नावाचे आहेत. त्यांपैकी चौदाव्या खंडात स्थळवर्णने आहेत. आज ‘पालघर जिल्हा’ असा शोध घेणाऱ्याला या खंडांचा पत्ता लागावा असे वाटत असेल, तर जुन्या शीर्षकाला धक्का न लावता स्थळाच्या घटकात आजचे नावही द्यावे लागते. जुनी नोंद पुसून नवी करणे ही इतिहासाची हानी ठरेल. दोन्ही नावे, त्यांचा काळ सांगून, शेजारी ठेवणे हाच योग्य मार्ग होय.

४. काळाची नोंद : ‘महिकावतीची बखर’

स्थळाप्रमाणेच काळाची नोंदही सरळ नसते. वसईच्या मोहिमेच्या मराठी कागदांत शके आणि सुहूर सन येतात. वसई घेतली ते १७३९ हे वर्ष म्हणजे शके १६६१. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण ते वर्ष मृगाला बदलते. त्या काळी पोर्तुगीज ग्रेगोरियन पंचांग पाळत होते, तर इंग्रजांनी ते १७५२ मध्ये स्वीकारले. त्यामुळे एकाच घटनेच्या पोर्तुगीज आणि इंग्रजी तारखांत अकरा दिवसांचे अंतर पडते. मुळातील मिती जशीच्या तशी ठेवून तिच्या शेजारी इसवी दिनांक देणे हे नोंद करणाऱ्याचे कर्तव्य ठरते. ते मोडी आणि कालगणना जाणणाऱ्या अभ्यासकाच्या साहाय्याशिवाय पार पडणे कठीण आहे.

उत्तर कोकणच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन असलेली ‘महिकावतीची बखर’ या संदर्भात तपासून पाहता येईल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. केवळ मुखपृष्ठावर विसंबून नोंद केली, तर राजवाडे हे कर्ते आणि १९२४ हा काळ असे ठरेल, आणि बखर विसाव्या शतकातील इतिहासग्रंथांच्या रांगेत जाऊन बसेल. वस्तुतः ती वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या काळी लिहिल्या गेलेल्या गद्य-पद्य प्रकरणांचा संग्रह आहे. शीर्षकातील ‘महिकावती’ म्हणजे माहीम. परंतु मुंबईतील माहीम आणि पालघर तालुक्यातील केळवे-माहीम अशी दोन माहीमे या किनाऱ्यावर आहेत. बखरीची विचारपूर्वक केलेली नोंद साधारणतः पुढीलप्रमाणे होईल :

शीर्षक : महिकावतीची बखर
पर्यायी शीर्षक : माहीमची बखर
कर्ता : केशवाचार्य व इतर
संपादक : राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ (मृत्यू १९२६)
रचनाकाळ : प्रकरणपरत्वे भिन्न, मुख्यत्वे पंधरावे-सोळावे शतक
प्रकाशन वर्ष : १९२४ (शके १८४६)
प्रकार : बखर; गद्य व पद्य
भाषा व लिपी : मराठी, देवनागरी
विषय : उत्तर कोकण – इतिहास, वंशावळी, वसाहत
स्थळ : माहीम (मुंबई), केळवे-माहीम, साष्टी, वसई
हक्क : स्वामित्वहक्काची मुदत संपलेली

या नोंदीतील प्रत्येक ओळ हा एक निर्णय आहे. रचनाकाळ आणि प्रकाशन वर्ष वेगळे ठेवल्याने मध्ययुगीन साधने शोधणाऱ्या अभ्यासकाला ग्रंथ सापडतो. दोन्ही माहीमांचा निर्देश केल्याने वादाचा विषय असलेल्या स्थळाबाबत नोंद एक बाजू घेत नाही. संपादकाचे मृत्युवर्ष दिल्याने हक्काचा निर्णय करता येतो. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क अबाधित राहतो, हे लक्षात घेता राजवाडे यांच्या संपादनाबाबत आज कोणतीही अडचण उरत नाही. अकरा ओळींची ही नोंद लिहिण्यास थोडा वेळ लागतो. पण ती लिहिणाऱ्याला बखर ठाऊक असावी लागते.

५. डिजिटल ग्रंथालयांतील मराठी नोंदी

या कसोटीवर भारतातील प्रमुख डिजिटल संग्रह पाहिले असता संमिश्र चित्र दिसते. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प एकविसाव्या शतकाच्या आरंभी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दशलक्ष ग्रंथांच्या योजनेशी जोडून आकारास आला आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यात पुढाकार घेतला. दुर्मीळ झालेली असंख्य मराठी पुस्तके या प्रकल्पामुळे प्रथमच घरबसल्या वाचता आली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच्या नोंदी हा त्याचा सर्वांत दुबळा भाग होता. मराठी शीर्षके देवनागरीत न देता रोमन लिपीत देण्यात आली. दीर्घ स्वरासाठी अक्षरांची द्विरुक्ती आणि मूर्धन्य व्यंजनासाठी अवतरणचिन्ह अशा लिप्यंतराचा अवलंब झाल्याने मराठी वाचकाच्या मनात येईल असे कोणतेही रूप टंकून पुस्तक सापडेनासे झाले. कर्त्याच्या जागी अनेकदा ‘उपलब्ध नाही’ एवढाच शेरा आढळतो. विषयाच्या घटकात ‘साहित्य’ यासारखा इतका व्यापक शब्द असतो की त्याने काहीच वगळले जात नाही.

हक्काची रकाने रिकामी राहण्याचा परिणाम अधिक गंभीर झाला. मुक्त झालेले आणि अद्याप संरक्षित असलेले ग्रंथ यांची सरमिसळ झाली आणि पुढे स्वामित्वहक्काच्या कारणावरून ते संकेतस्थळच बंद करण्यात आले. संग्रहाच्या प्रती आज प्रामुख्याने ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर पाहावयास मिळतात, त्यांच्यासोबत जुन्या नोंदीही तशाच आल्या आहेत. लेखकांची मृत्युवर्षे आरंभीच नोंदली गेली असती, तर निःसंशय मुक्त असलेला भाग वेगळा काढणे सोपे झाले असते. स्कॅनिंगचा खर्च करावयाचा आणि वर्णनाचा वाचवावयाचा, या धोरणाची किंमत संपूर्ण संग्रहाने मोजली.

गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंध-संग्रहाने तुलनेने अधिक शिस्त पाळली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले, त्यामुळे संग्रहाला सातत्य लाभले. संशोधक, मार्गदर्शक, विद्यापीठ आणि विभाग हे घटक बहुधा व्यवस्थित भरलेले असतात. तथापि मराठी प्रबंधांची शीर्षके काही ठिकाणी देवनागरीत, काही ठिकाणी रोमन लिपीत, तर काही ठिकाणी इंग्रजी भाषांतरात आढळतात. आयआयटी खरगपूर येथे विकसित झालेल्या आणि जून २०१८ मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या ‘राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालया’ची रचना तर मुळातच मेटाडेटावर आधारलेली आहे. हे ग्रंथालय मुख्यतः अन्य संग्रहांच्या नोंदी एकत्र आणून एका खिडकीतून शोधाची सोय करते. त्यामुळेच मूळ संस्थेने केलेली नोंद सदोष असेल तर दोषही राष्ट्रीय पातळीवर जातो. एखाद्या लहान महाविद्यालयाने केलेली नोंद आता केवळ त्याच्या भिंतीआड राहत नाही, हा या व्यवस्थेचा अध्यापकांनी लक्षात घ्यावयाचा अर्थ आहे.

६. लिपी, नाव आणि बोली

मराठी साधनांच्या बाबतीत काही अडचणी खास मराठीच्या आहेत. युनिकोडचा वापर सार्वत्रिक होण्यापूर्वी मराठी मजकूर ‘श्रीलिपी’, ‘शिवाजी’ यांसारख्या फॉन्टांत टंकला जात असे. तो पडद्यावर मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांची निरर्थक मालिका असते. महाविद्यालयांकडे असलेल्या त्या काळातील टिपणांचा, प्रश्नपत्रिकांचा आणि स्मरणिकांचा मोठा भाग या स्वरूपाचा आहे. अशा फाइलच्या आतील मजकूर शोधयंत्राला वाचता येत नसल्याने बाहेर युनिकोडमध्ये केलेली नोंद हाच तिच्याकडे जाण्याचा एकमेव मार्ग उरतो. युनिकोडनेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण साध्या शोधात ती एकमेकांशी जुळत नाहीत.

नामोल्लेखाची समस्या याहून जुनी आहे. वसईचे सुपुत्र, ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आडनाव ‘दिब्रिटो’ आणि ‘डिब्रिटो’ असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. रोमन लिपीत आणखी रूपे होतात. एका तालिकेत ते ‘द’खाली, दुसरीत ‘ड’खाली आणि तिसरीत ‘फादर’ म्हणून ‘फ’खाली गेले, तर एका लेखकाचे तीन लेखक होतात. टोपणनावाने लिहिणाऱ्यांबाबत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर या एकच, हे नोंदीनेच सांगावे लागते. यावर ग्रंथालयशास्त्राने दिलेला उपाय प्रमाण नामसूचीचा आहे. एक रूप प्रमाण मानून इतर सर्व रूपे त्याच्याशी जोडावयाची, जेणेकरून वाचक कोणत्याही रूपाने आला तरी योग्य ठिकाणी पोहोचेल. वसईतील ख्रिस्ती मराठी लेखकांची अशी नामसूची बाहेरच्या संस्थेपेक्षा वसईतील महाविद्यालयच अचूकपणे करू शकेल.

बोलींचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. तो अस्तित्वाचा होतो. या तालुक्यात सामवेदी अथवा कादोडी, वाडवळी, आगरी, वारली अशा बोली नांदतात. ग्रंथालयांत रूढ असलेल्या भाषासंकेतांच्या जुन्या आंतरराष्ट्रीय यादीत सामवेदीला स्वतंत्र स्थान नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सात हजारांहून अधिक भाषा सामावणाऱ्या विस्तृत यादीत मात्र सामवेदी आणि वारली या दोहोंना स्वतंत्र संकेत आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने आजीकडून लग्नगीते ध्वनिमुद्रित करून आणली आणि भाषेच्या रकान्यात सवयीने ‘मराठी’ लिहिले, तर ती गीते मराठीच्या अफाट साठ्यात मिसळून जातील आणि सामवेदीच्या अभ्यासकाला कधीही दिसणार नाहीत. गाव, प्रसंग, गाणाऱ्या व्यक्तीची संमती आणि मुद्रणाचा दिनांक या गोष्टी त्याच दिवशी लिहिल्या नाहीत, तर काही वर्षांनी त्या कोणालाच सांगता येत नाहीत. छापील पुस्तकाची नोंद मागाहून सुधारता येते. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत ती संधी बहुधा एकदाच मिळते.

७. शैक्षणिक साधनांची विशेष गरज

शैक्षणिक साधनास सामान्य ग्रंथाहून अधिक वर्णनाची आवश्यकता असते. ते कोणत्या इयत्तेसाठी, कोणत्या पूर्वज्ञानावर, किती वेळात आणि कोणत्या पद्धतीने वापरावयाचे, हे कळल्याखेरीज अध्यापकाला त्याची निवड करता येत नाही. २००२ मध्ये मान्यता पावलेल्या ‘अध्ययन-वस्तू मेटाडेटा’ या मानकाने नऊ गटांत हे वर्णन विभागले आणि त्यांत काठिण्यपातळी, अध्ययनाचा अपेक्षित कालावधी, साधनाचा प्रकार इत्यादी घटकांचा समावेश केला. हे मानक परिपूर्णतेच्या हव्यासाने जड झाले. सर्व घटक ऐच्छिक असल्याने प्रत्यक्षात फारच थोडे भरले जाण्याचा धोका त्यात होता. याउलट शालेय स्तरावर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचाने मंडळ, माध्यम, इयत्ता आणि विषय एवढ्याच मोजक्या घटकांवर भर दिला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेतावरून विद्यार्थी थेट त्या पाठाच्या साहित्यापर्यंत पोहोचतो, तो या मोजक्या पण नेमक्या नोंदींमुळेच.

उच्च शिक्षणात अशी सुसूत्रता दिसत नाही. ‘नोट्स’, ‘युनिट २’, ‘अंतिम प्रत’ अशा नावांच्या फाइली कोणत्या अभ्यासक्रमाच्या, कोणत्या वर्षीच्या, हे त्या तयार करणाऱ्यालाही वर्षभराने आठवत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीमुळे पदवीच्या सत्रांची आणि विषयांची रचना बदलल्यानंतर ‘तिसरे सत्र’ एवढाच उल्लेख असलेले साधन दिशाभूल करणारे ठरते. सत्राबरोबर अभ्यासक्रमाचे वर्ष आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घटकाचा आशय नोंदला असेल, तर अभ्यासक्रम बदलला तरी साधन बाद होत नाही. बखर वाङ्मयावरील एक चांगले व्याख्यान कोणत्याही सत्रात उपयोगी पडू शकते. अट एवढीच की ते बखर वाङ्मयावरचे आहे, हे बाहेरून कळले पाहिजे.

८. आक्षेपांचा विचार

मेटाडेटाच्या उपयुक्ततेवर काही आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. लेखक कोरी डॉक्टरो यांनी २००१ मधील एका निबंधात असे प्रतिपादन केले की माणसे नोंदी करताना आळस करतात, प्रसंगी खोटेही लिहितात, आणि कोणतीही वर्गवारी तटस्थ नसते. यांतील पहिल्या दोन दोषांना संस्थात्मक जबाबदारीने आवर घालता येतो. तिसरा मुद्दा मात्र मूलगामी आहे. बोलीला ‘मराठी’च्या रकान्यात टाकणे किंवा स्थळाचे वसाहतकालीन नावच प्रमाण मानणे, यांत सत्तेचा अंश असतो. परंतु यावरून नोंद करू नये असा निष्कर्ष निघत नाही. नोंद कोणी करावी हा प्रश्न मात्र अधिक महत्त्वाचा ठरतो. स्थानिक अभ्यासक बाजूला राहिले, तर वर्गवारी दुसरे कोणीतरी करणारच आहे.

दुसरा आक्षेप असा की शोधयंत्रे संपूर्ण मजकूर धुंडाळू शकत असल्याने वेगळ्या नोंदीची गरज उरलेली नाही. इंग्रजी मुद्रित मजकुराबाबत यात बरेच तथ्य आहे. जुन्या मराठी मुद्रणाचे यंत्रवाचन सुधारत असले तरी झिजलेले खिळे, जोडाक्षरे आणि फिकट छपाई यांपुढे ते चुकते. मोडी हस्तलिखिते, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांच्याबाबत तर पूर्ण मजकुराचा प्रश्नच वेगळा आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मुखपृष्ठावरून शीर्षक, कर्ता आणि विषय सुचवू लागली आहेत. प्राथमिक मसुद्यासाठी त्यांचा उपयोग अवश्य करावा. तथापि पानावर जे छापलेले नाही ते मुखपृष्ठाच्या प्रतिमेतून निघत नाही : बखरीचा रचनाकाळ, दोन माहीमांमधील संदिग्धता, गीताची बोली, गायिकेची संमती. यंत्राने सुचवलेली नोंद तपासणारा जाणकार नसेल, तर चूक अधिक वेगाने आणि अधिक आत्मविश्वासाने पसरेल.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे : अध्यापकाजवळ वेळ नाही आणि या कामाचे श्रेय मिळत नाही. हा आक्षेप पूर्णतः रास्त आहे. मूल्यांकनाच्या वेळी ई-साधनांच्या याद्या मागितल्या जातात. त्या साधनांच्या नोंदी कशा आहेत याची विचारणा क्वचितच होते. जे मोजले जाते तेच केले जाते, हे व्यवस्थेचे वास्तव आहे. हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची करणे हे एके काळी मान्यताप्राप्त संशोधन होते. डिजिटल साधनाची चिकित्सक नोंद हे त्याच परंपरेतील काम असूनही त्यास ते स्थान मिळालेले नाही. ते मिळवून देणे ही केवळ ग्रंथपालांची मागणी राहू नये.

९. महाविद्यालयीन पातळीवरील शक्यता

वरील विवेचनातून महाविद्यालयाच्या आवाक्यातील काही गोष्टी सूचित होतात. पहिली म्हणजे पंधरांपैकी शीर्षक, कर्ता, दिनांक, भाषा, विषय, स्थळव्याप्ती आणि हक्क हे सात घटक भरल्याखेरीज कोणतेही साधन संग्रहात न घेण्याचा नियम. दुसरी, प्रत्येक नोंद देवनागरी युनिकोडमध्ये करून रोमन रूप पर्यायी म्हणून देणे. तिसरी, परिसरातील स्थळनामांची आणि लेखकनामांची एक प्रमाण सूची. वसई-बसाईं-बसीन आणि शूर्पारक-सोपारा-नालासोपारा यांसारख्या नोंदींपासून तिचा आरंभ करता येईल. चौथी, नोंद करणाऱ्या अध्यापकाचे आणि विद्यार्थ्याचे नाव नोंदीतच देणे. श्रेय दिल्याने जबाबदारीही निश्चित होते.

इतिहास, मराठी आणि भूगोल या विभागांच्या विद्यार्थी-प्रकल्पांत नोंदलेखनाचा समावेश केल्यास दुहेरी लाभ संभवतो. विद्यार्थ्याला साधनाची चिकित्सा कशी करावी याचे शिक्षण मिळेल, आणि महाविद्यालयाकडे वर्षागणिक वाढणारा, परिसराचे ज्ञान सामावणारा संग्रह तयार होईल. एका पुस्तकाचा कर्ता, काळ, स्थळ आणि हक्क निश्चित करण्याचा प्रयत्न करणारा विद्यार्थी ऐतिहासिक पद्धतीचा पहिला धडा प्रत्यक्षात गिरवत असतो.

१०. समारोप

मेटाडेटाची उपयुक्तता शोधाच्या सोयीपुरती मर्यादित नाही. स्थळाची बदलती नावे, काळाच्या भिन्न गणना, व्यक्तिनामांची विविध रूपे, बोलींचे वेगळेपण आणि वापराचे हक्क यांविषयीचे ज्ञान ज्या ठिकाणी एकत्र येऊन पुढील पिढीच्या हाती जाते, ते ठिकाण म्हणजे साधनाची नोंद होय. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचा अनुभव दाखवतो की नोंदीकडे दुर्लक्ष झाल्यास मोठ्या खर्चाने उभारलेला संग्रहही वाचकापासून दूर राहतो. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची रचना दाखवते की स्थानिक पातळीवरील चांगली नोंद देशभर पोहोचू शकते. वसई-सोपारा परिसरात वाढत्या नागरीकरणाने वाड्या, बोली आणि गावांची जुनी ओळख वेगाने बदलत आहे. या परिसराची साधने पुढे कोणत्या नावाने सापडतील, किंवा सापडतील की नाही, याचा निर्णय आज केल्या जाणाऱ्या नोंदींवर अवलंबून आहे. त्या नोंदी लिहिण्यास आवश्यक असलेले ज्ञान महाविद्यालयांतील अध्यापकांजवळ आहे. ते रकान्यात उतरवण्याचे काम त्यांनी आपले मानणे आवश्यक आहे.